अक्काची कंबर आणि चार शॉकअप

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात आधी रॉकेलने, मग साबणाने, मग परत रॉकेलने धुतले आहेत. तरी कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा उमटलाच. पुसायला गेलो तर पसरतो, म्हणून तसाच ठेवला आहे. ओळखीचाच आहे, घाबरू नकोस.)

इकडे आम्ही सगळे ठीक. तू कशी आहेस, भावोजींच्या गुडघ्याचं काय झालं, डोळ्यांत थेंब दोन्ही वेळा घालतेस की एका वेळेचे घालून दुसऱ्या वेळेचे वाचवतेस, हे सगळं विचारायचं आहे. कमरेबद्दल मात्र मुद्दाम विचारत नाही. म्हणजे विचारायचं आहेच, पण हे अख्खं पत्रच तिच्याबद्दल आहे, तेव्हा ती पहिल्याच ओळीत उरकून टाकली तर पुढे लिहू काय?

फोन का केला नाहीस असं म्हणशील. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. मी शब्द शोधत गप्प बसतो, तू दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" करतेस आणि लाइन गेली असं समजून ठेवून देतेस. गेल्या सहा वर्षांत आपल्या निम्म्या फोनांत लाइन गेलेली नव्हती, अक्का. मी होतो.

आता मुद्द्यावर येतो. या आठवड्यात तुला आमच्या डेपोकडून एक लिफाफा आला असेल. वर गोल शिक्का, आत टाइप केलेलं पत्र, आणि पत्रात असं की "आपण नमूद केलेल्या कमरेची दखल घेण्यात आली असून संबंधित विभागास योग्य त्या सूचना देण्यात आल्या आहेत." तू ते भावोजींच्या हातात दिलं असशील, भावोजींनी दोनदा वाचून, उलटं करून मागची कोरी बाजूही बघितली असेल, आणि तू तक्रार कधी केलीस असं विचारलं असेल. तू केलेली नाहीस. मी केली. तुझ्या नावाने, तुझा पत्ता घालून, आणि जमेल तितकं तुझ्या अक्षरात. संबंधित विभाग म्हणजेही मीच. योग्य त्या सूचना मलाच मिळाल्या आणि मी त्या सही करून घेतल्या. हे असं का झालं ते सविस्तर सांगतो. पत्र घेऊन जाणाऱ्या बाई उद्या सकाळी निघतात, तेव्हा आज दुपार मोकळी आहे.

या बाई म्हणजे तुमच्या गावाला जाणाऱ्या आमच्या सकाळच्या बसच्या कंडक्टर. चार वर्षं त्या याच बसवर आहेत. तू त्यांना ओळखत नसशील, पण त्या तुला ओळखतात, कारण मी त्यांना तुझं वर्णन करून ठेवलं आहे (उंच, चालताना डावा खांदा किंचित पुढे, हातात कायम कापडी पिशवी, आणि कुणी रांग मोडली तर गप्प न बसणारी). संध्याकाळी बस परत आली की त्या हिशेबाच्या खिडकीकडे जाताना वर्कशॉपवरून जातात आणि मला तुझी बातमी देतात. बहुतेक दिवशी बातमी नसतेच. मग त्या लांबूनच हाताने नाही अशी खूण करतात, मी मान हलवतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण कधी कधी असते. तुझ्या चष्म्याची काडी मोडली आणि तू ती दोऱ्याने बांधून वापरतेस, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. केस पांढरे झाले आणि तू ते तसेच ठेवलेस, हेही. त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ आरशात स्वतःच्या केसांकडे बघत बसलो. बायकोला वाटलं, मला आता रंग लावायची हौस आली.

तर दोन महिन्यांपूर्वी बाई लांबून खूण न करता थेट माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, तुमच्या अक्का आज बसपाशी आल्या होत्या. कुणाला सोडायला नाही, एकट्याच. आत चढल्या नाहीत. मागच्या चाकापाशी उभ्या राहिल्या, पत्र्यावर हात ठेवला आणि मला विचारलं,

"मागे अजून तसंच आदळतं का हो?"

बाई खरं बोलणाऱ्या. त्यांनी सांगून टाकलं की आदळतं, परवाच एका गृहस्थांची कवळी दोन सीट पुढे सापडली. तू हसलीस म्हणे. मग हात काढून घेतलास आणि निघून गेलीस.

आता तू हे सहज विचारलं असशील. पण मी त्या एका वाक्यावर तीन दिवस काढले. "अजून तसंच" म्हणजे काय? तसंच आदळत असेल तर तू सहा वर्षं म्हणतेस तसं कमरेमुळे येणार नाहीस, हे तर झालंच. पण आदळत नसेल तर? एरवी कुणी हात का लावेल बसच्या पत्र्याला? मी अठ्ठावीस वर्षं बसला हात लावतोय, पण मला पगार मिळतो. जेवताना मी हे बायकोला विचारलं. ती म्हणाली की पत्रा गरम आहे का बघत असतील. तिच्याशी अशा विषयांवर बोलण्यात अर्थ नसतो.

चौथ्या दिवशी फोरमनकडे गेलो आणि म्हटलं, या बसचे चारही शॉकअप उतरवून पूर्ण उघडायचे आहेत. आमचे फोरमन सज्जन, पण त्यांच्या राज्यात कारणाशिवाय एक नट ढिला होत नाही. त्यांनी तक्ता बघितला. या बसची पाळी पुढच्या वर्षी. त्याआधी काढायचे तर एक तर तेल गळताना दिसलं पाहिजे, नाही तर प्रवाशाची लेखी तक्रार पाहिजे. तेल गळत नव्हतं. (का गळत नव्हतं, ते पुढे येईल आणि ते वाचून तू मला नावं ठेवशील.) राहिली तक्रार. प्रवासी आमच्या बसला शिव्या देतात, अक्का, काहीजण तर फार सुंदर देतात, पण लिहून देत नाहीत. डेपोच्या तक्रारवहीत गेल्या वर्षभरात एकच नोंद आहे, आणि तीही वहीला बांधलेलं पेन चालत नाही याबद्दलची.

म्हणून एका रविवारी दुपारी मी बसलो आणि तक्रार लिहिली. तुझं अक्षर काढायला फार त्रास झाला नाही, कारण मला लिहायला तूच शिकवलंस. फक्त 'क'चं पोट जरा मोठं करावं लागलं. सुरुवात व्यवस्थित, सरकारी केली होती: सदर बसच्या मागील सीटवर बसून प्रवास केला असता अर्जदाराच्या कमरेस जबर दणके बसले, सबब योग्य ती कार्यवाही व्हावी. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पेन थांबेना. पुढे लिहिलं की या एका कारणाने मी सहा वर्षं माझ्या धाकट्या भावाकडे गेलेले नाही. जायचं मात्र रोज मनात येतं. कपडे वाळत घालताना येतं, दळण आणताना येतं, दुपारी घर शांत असतं तेव्हा तर फार येतं. त्याची मुलगी केवढी झाली असेल, तो जेवताना अजून पुस्तक समोर धरतो का, त्याच्या घरात माझं नाव निघतं का, असं वाटत राहतं. पण कंबर आडवी येते.

(हे मी तुझ्याबद्दल कशावरून लिहिलं, ते विचारू नकोस. मला दुसऱ्या कुणाबद्दल लिहिता येत नाही, म्हणून जे माझं होतं ते तुझ्या नावावर घातलं.)

फोरमननी तक्रार वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. म्हणाले, बाईंचं अक्षर आपल्या जॉबकार्डांवरच्या अक्षराच्या नात्यातलं दिसतंय. मी छताकडे बघितलं. त्यांनी कोपऱ्यात लाल शाईने "तातडीचे" असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे दिला.

शॉकअप म्हणजे काय ते तुला थोडक्यात सांगायला हवं, नाही तर पुढचं समजणार नाही. खड्डा आला की चाकावरचे कमानीचे पाटे दबतात आणि उसळतात. पण एकदा उसळले की ते आपणहून थांबत नाहीत, वर-खाली करत राहतात, आणि त्यांच्यावर बसलेला माणूसही तसाच उडत राहतो. त्यांना आवरायला शॉकअप. एक जाड नळी, तीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं. दांडा ओढला की तेलाला त्या छिद्रांतूनच जावं लागतं, मग कुणालाही घाई करता येत नाही. एवढंच. माझी अठ्ठावीस वर्षं या एवढ्याशा गोष्टीत गेली, आणि ती मला अजून आवडते.

बस पिटवर, म्हणजे वर्कशॉपमधल्या खड्ड्यावर घेतली आणि मी खाली उतरलो. पुढचे दोन निमूट निघाले. मागचा उजवा थोडा कुरकुरला. मागचा डावा, म्हणजे तू गेल्या वेळी बसली होतीस बरोबर त्या सीटखालचा, त्याच्या नटाने मात्र सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला दाद दिली नाही. तेल सोडलं, गरम केला, पान्याला लांब नळी लावून लोंबकळलो, शेवटी गोड बोललो. सुट्टीनंतर तो असा सहज फिरला की मी पान्यासकट मागे आदळलो. (माझी कंबर. तेव्हा तुझी आठवण जरा वेगळ्या पद्धतीने आली.)

तो शॉकअप टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात धरला आणि दांडा दाबला. कुठेही न अडता आत गेला. ओढला, तसाच बाहेर आला. सायकलचा पंप तरी शेवटी फुस करतो, याने तेही केलं नाही. नळी उघडून ताटलीत उपडी केली तर चमचाभर काळं पाणी पडलं. तेल आत अडवणारा रबरी सील वाळून बिस्किटासारखा झाला होता. तेल गळत नव्हतं, कारण गळायला तेलच नव्हतं, अक्का. कधीतरी थेंब थेंब जाऊन संपलं होतं, डागावर धूळ बसून तोही वाळला होता. मी जुनी जॉबकार्डं काढून बघितली. दर तपासणीला या शॉकअपपुढे एकच शेरा: "गळती नाही." खाली सही. सही माझी. वरून टॉर्च मारून बघितलेलं, हात लावलेला नाही. ती कार्डं मी परत फायलीत लावली आणि त्या दिवशी चहालाही गेलो नाही.

मग भांडारातून सामान आणणं आलं. आमच्या भांडारपालाचं नावच सगळ्यांनी "नाही" ठेवलं आहे, कारण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर आलेलं असतं. सील आहेत का? नाही. रबरी बुश? नाही. मग आपण तिथेच उभं राहायचं असतं. पाच मिनिटांनी तो म्हणतो, बघतो. बघायला त्याला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत सुटे भाग मी टेबलावर फडक्याखाली मांडून ठेवले होते, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण फडकं उचलून बघे, जसं काही खाली जेवण आहे. दांड्यावर ओरखडे होते, तो चालण्यासारखा नव्हता. भंगारात निघालेल्या एका बसचा चांगला दांडा मिळाला. तो मी इतका पुसला की फोरमन म्हणाले, त्यात बघून भांग पाडणार आहेस का?

यानंतरचं लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. शॉकअपमध्ये तेल मापाने घालतात. कमी घातलं तर दांडा मधेच पोकळ चालतो, जास्त घातलं तर तेलाला जायला जागा राहत नाही. मी कित्येकांना हे शिकवलं आहे, ओरडून शिकवलं आहे. पुढच्या दोघांना मापात घातलं. मागच्या उजव्याला मापात घातलं. डाव्याला माप घातलं, आणि मग मापाचं भांडं परत भरून आणखी थोडं घातलं. का, ते सांगता येत नाही. मनात एवढंच होतं की इतकी वर्षं कोरडा होता. ते चूक आहे हे हाताला माहीत होतं, तरी हाताने घातलं.

चाचणीच्या यंत्रावर लावला तेव्हा फोरमन नेमके इस्त्रीच्या शर्टात बघायला आले. यंत्राने दोन फेऱ्या नीट मारल्या. तिसरीला दांडा पूर्ण आत गेला, आतल्या तेलाला कुठे जावं कळेना, म्हणून ते नवा सील फोडून बाहेर आलं आणि सरळ फोरमनच्या खिशात गेलं. खिशात तुझी तक्रार होती. ती ते माझ्याकडून परत घेऊन वरिष्ठांकडे पाठवायला निघाले होते. (तुला आलेलं पत्र त्या तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवरून आहे, म्हणून उशीर झाला.)

फोरमननी यंत्र बंद केलं. कागद बाहेर काढून झटकला, तारेवर वाळत घातला. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"कोण आहेत या बाई?"

मी म्हटलं, "अक्का आहे माझी."

त्यांनी शर्ट काढून खुर्चीवर टाकला, बनियनवर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि पाना हातात घेतला. "उघड परत," म्हणाले. "माप मी बघतो. तू नुसता ओत."

असं आम्ही दोघांनी तो शॉकअप बंद केला. उरलेला एक जादा सील घेतला, त्याची कड आतल्या बाजूला, तेलाचं बोट फिरवून, चिंधी न लावता. ते माप डोळ्यापुढे धरायचे, मी ओतायचो, ते "बस" म्हणाले की थांबायचो. ते स्वतः वीस वर्षांपूर्वी याच टेबलावर होते, हे मी विसरलोच होतो. उभा धरून दहा-बारा वेळा दांडा वर-खाली केला, आतली हवा निघाली, आणि मग तो जड, सावकाश, भरल्या पोटाने चालायला लागला. दाबताना थोडा हलका, ओढताना घट्ट. बरोबर तसा. ते मला म्हणाले की बघ, हाताला कळतं. मला खरंच कळत होतं. मला तेव्हा फार वाटलं की हा दांडा एकदा तुझ्या हातात द्यावा. तू म्हणाली असतीस, यात काय आहे? पण ओढून बघितला असतास.

चाचणीची फेरी दोन दिवसांनी. मागच्या सीटवर वजन हवं होतं, तेही साधारण तुझ्याइतकं. (राग मानू नकोस. सहा वर्षांपूर्वीच्या अंदाजाने धरलं.) सगळ्यांकडे नजर फिरवली तर एक भांडारपालच त्या वजनात बसत होता. त्याला विचारलं, येतोस का? तो नाही म्हणाला, आणि पाच मिनिटांनी आला. त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला दिला, आणि आमचे ड्रायव्हर (त्यांना मौनी म्हणतात, वर्षातून दोनदा बोलतात) बस घेऊन निघाले. मी रस्त्याच्या कडेला स्पीडब्रेकरपाशी उकिडवा बसलो, चाक बघायला. बस आली. चाक वर गेलं, खाली आलं, आणि जागेवर राहिलं. परत उडालं नाही. मी तसाच बसून राहिलो. मागून एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी विचारलं, काही हरवलंय का?

बस परतली तेव्हा पेला अर्धा रिकामा होता. माझं धाबं दणाणलं. पण पाणी सांडलं नव्हतं, भांडारपालाने पिऊन टाकलं होतं आणि नंतर त्याला झोप लागली होती. उठवून विचारलं, कसं वाटलं, परत एक फेरी मारायची का? तो "हो" म्हणाला. डेपोत ही गोष्ट अजून चर्चेत आहे.

तेव्हापासून त्या बसची मागची सीट आधी भरते. बाई सांगतात, लोक पुढच्या सीटा सोडून मागे धावतात. मौनींनी मात्र यंदाचं पहिलं बोलणं याच कारणासाठी खर्च केलं. माझ्यापाशी येऊन म्हणाले की पूर्वी स्पीडब्रेकर ओलांडला की मागे दणका ऐकू यायचा, त्यावरून कळायचं की सगळी बस आली. आता काही ऐकूच येत नाही, सारखं आरशात बघावं लागतं, मागचा भाग येतोय की राहिला.

आता राहिलं मुख्य. तक्रार अजून निकाली निघालेली नाही. आमच्याकडे नियम असा आहे की तक्रारदाराने त्याच बसने, त्याच सीटवर बसून, इथपर्यंत प्रवास करायचा आणि डेपोत येऊन "समाधान झाले" अशी स्वतः सही करायची. माझी सही चालत नाही (अक्षर सारखं असलं तरी). सही झाली नाही तर फाइल उघडी राहते, आणि उघड्या फायलीचं उत्तर फोरमनना द्यावं लागतं, ज्यांचा एक शर्ट आधीच गेला आहे. तेव्हा तुला यावं लागेल. माझ्यासाठी नव्हे, नियम म्हणून. बाई तुला मागची डावी खिडकीची सीट धरून ठेवतील. इथे झोपायची अडचण नाही. आमची मुलगी हल्ली आईच्या खोलीत अभ्यास करते, ती बाहेर येईल. ती आता माझ्या खांद्याला लागते. चालताना तिचा डावा खांदा थोडा पुढे जातो. तिला तसं कुणी शिकवलेलं नाही. आत्या कशी दिसते असं तिने विचारलं तर आम्ही तिलाच आरशापुढे उभं करतो.

भावोजींना माझा नमस्कार, गुडघ्याला आराम पडो. तुझ्या कमरेला, पाठीला आणि रागाला सुखाचे दिवस येवोत अशी इच्छा करून थांबतो.

तुझा,
धाकटा

ता.क. सगळं पत्र पुन्हा वाचलं. कंबर फार झाली. एक गोष्ट लिहायची राहिली, ती इतकी मागे ठेवली की जवळजवळ राहूनच गेली होती. आई गेल्यावर चौथ्या महिन्यात तू आलीस तेव्हा मी तिची खोली रंगवून टाकली होती, तिची खाटही देऊन टाकली होती. तू दारातच उभी राहिलीस आणि म्हणालीस, मला विचारलं असतंस तर. त्यावर मी म्हणालो, "तुझं इथं आता काय आहे विचारण्यासारखं?" मी खाटेबद्दल बोलत होतो, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. खाटेबद्दल नव्हतो बोलत. मी चार महिने त्या रिकाम्या खोलीत एकटा होतो आणि तू नव्हतीस, त्याचा राग होता. दुसऱ्या दिवशी तू निघालीस तेव्हा बसमध्ये तुला पुढची सीट मला मिळवून देता आली असती. नुसतं एकाला ऊठ म्हणायचं होतं, सगळे मला ओळखतात. मी म्हटलं नाही. तू मागे जाऊन बसलीस, ते मी बघत उभा राहिलो. त्या सीटखालचा शॉकअप काय स्थितीत आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असायला हवं होतं, तेच माझं काम आहे.

ता.क. (ही मी लिहितेय, वन्सं. ते हात धुवायला गेले आहेत.) नमस्कार. पत्र बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं, माफ करा. सहीचा असा काही नियम नाही. मी कंडक्टर बाईंना विचारलं, त्या हसत सुटल्या. तक्रार त्याच आठवड्यात निकाली निघाली. तुम्हाला हेही कळायला हवं की गुरुवारी यांची सुट्टी असते, तरी संध्याकाळी तुमच्याकडची बस यायच्या वेळेला काहीतरी आणायचं निमित्त करून डेपोच्या फाटकाशी जातात आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबतात. मग जे आणायला गेले ते न आणताच घरी येतात. सहा वर्षांत या घरात त्यामुळे किती वेळा साखर नव्हती ते मी मोजलेलं नाही. तुम्ही यावं असं मला फार वाटतं. पण खरं सांगू का? यांच्याकडे फुकट पास आहे, रजा पडून आहेत, आणि बस सकाळी दारावरून जाते. तुम्हाला यायला कंबर आडवी येते. यांना काय आडवं येतं ते यांनाच विचारा.

ता.क. वाचलं. ती मला वाचून दाखवायला लावत होती, मी मनातल्या मनात वाचलं. तिचं बरोबर आहे, आणि हे मी तिच्या समोरच लिहितोय. काय आडवं येतं ते तुला माहीत आहे, आणि जगात फक्त तुम्हा दोघींना माहीत आहे. अठ्ठावीस वर्षं बसचं काम करणाऱ्या माणसाला गाडी लागते, हे डेपोत कळलं तर मला राजीनामा द्यावा लागेल. पण ते निमित्त आहे, कारण नाही. कारण वर लिहिलं. तेव्हा तू येऊ नकोस. या गुरुवारी मी येतो, याच बसने, मागच्या सीटवर बसून. पाच तासांचा रस्ता आहे, सील नवे आहेत, माझ्या पोटाची मात्र कसलीही खात्री नाही. नको असेन तर स्टँडवर येऊ नकोस. मी तिथेच बाकावर बसून परतीच्या बसने येईन, वाईट वाटून घेणार नाही. (घेईन.) पण येणार असलीस तर दुपारी एकला ये, आणि एक लिंबू घेऊन ये. अर्धं कापून. मीठ नको.